वृद्धांच्या शुश्रूषागृहात नर्स प्रॅक्टिशनर काय करतात?

अमेरिकेत सुमारे १५ हजार शुश्रूषागृहे आहेत आणि कोणत्याही दिवशी त्यांत १२ लाखांच्या आसपास माणसे राहत असतात. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की प्रसूतीचे किंवा शस्त्रक्रियेचे छोटे खासगी इस्पितळ डोळ्यांपुढे येते. तिकडे याच नावाने ओळखली जाणारी गृहे वेगळी असतात. ज्यांना अंघोळीपासून जेवणापर्यंत प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याचा हात लागतो, अशा माणसांचे ते आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील घर असते. रहिवाशांपैकी अनेकांनी वयाची ऐंशी ओलांडलेली असते. हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास आणि स्मृतिभ्रंश यांपैकी दोन-तीन दुखणी एकाच शरीरात नांदत असतात आणि रोजच्या गोळ्यांची संख्या सहज दहाच्या वर जाते. इतक्या नाजूक प्रकृतीच्या माणसांच्या या घरात डॉक्टर मात्र बहुतेक वेळ नसतो, आणि निदान करण्याचा व औषधे लिहून देण्याचा अधिकार असलेल्या परिचारिकेची, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनरची गरज नेमकी इथेच निर्माण होते.

डॉक्टर नसतो याचा अर्थ कोणी नियम मोडतो असा नाही. अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या नियमानुसार शुश्रूषागृहात दाखल झालेल्या माणसाला पहिले ९० दिवस दर ३० दिवसांतून एकदा आणि त्यानंतर दर ६० दिवसांतून एकदा डॉक्टरने तपासले पाहिजे. त्यातही दहा दिवसांपर्यंत उशीर झाला तरी ती भेट वेळेत झाली असे धरले जाते. मधल्या काळात रहिवाशाजवळ असतात त्या साहाय्यिका. त्याच अंघोळ घालतात, भरवतात, कूस बदलतात. त्यांच्यासाठी संघराज्याने ठरवलेले किमान प्रशिक्षण ७५ तासांचे आहे. काही राज्यांनी ते वाढवले आहे. साहाय्यिकांच्या वरच्या पायरीवर साधारण वर्षभराचे शिक्षण घेतलेल्या परवानाधारक परिचारिका असतात आणि त्यांच्या वर नोंदणीकृत परिचारिका. संघराज्याच्या मूळ कायद्यानुसार नोंदणीकृत परिचारिका दिवसातून सलग आठ तास हजर असली तरी पुरते. म्हणजे रात्री दोन वाजता एखाद्या आजीला धाप लागली, तर त्या इमारतीत तिला तपासून निदान करणारे आणि औषध बदलण्याचा अधिकार असणारे कोणी नसण्याचीच शक्यता अधिक.

नर्स प्रॅक्टिशनर ही मुळात नोंदणीकृत परिचारिकाच असते. परिचर्येची पदवी आणि बहुधा काही वर्षांचा अनुभव घेतल्यावर ती पदव्युत्तर किंवा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम करते, देखरेखीखाली शेकडो तास रुग्ण तपासते आणि राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणपत्र परीक्षा देते. वृद्धांच्या प्राथमिक काळजीसाठी वेगळे प्रमाणपत्र आहे. रुग्णाची तपासणी, निदान, रक्तचाचणी किंवा क्ष-किरण मागवणे, त्यांचे अहवाल वाचणे आणि औषधे लिहून देणे ही कामे तिच्या कक्षेत येतात. इतर परिचारिकांना रुग्णात झालेला बदल दिसतो, त्या तो नोंदवतात आणि डॉक्टरला कळवतात. नर्स प्रॅक्टिशनरला त्या बदलावर स्वतः निर्णय घेता येतो.

या व्यवसायाची सुरुवात वृद्धांपासून झाली नाही. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागांतील मुलांपर्यंत आरोग्यसेवा पोहोचवणे हा त्याचा हेतू होता. त्याच वर्षी अमेरिकेने ज्येष्ठांसाठी मेडिकेअर आणि अल्प उत्पन्न गटासाठी मेडिकेड या दोन सरकारी योजना आणल्या. शुश्रूषागृहांच्या वाढीला या योजनांचा पैसा मोठे बळ देणार होता. या दोन घटनांची गाठ पडायला मात्र दोन दशके जावी लागली. आज अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक परवानाधारक नर्स प्रॅक्टिशनर आहेत. त्यांत पुरुषही आहेत, पण बहुसंख्य स्त्रियाच असल्याने या लेखात स्त्रीलिंगी उल्लेख केला आहे.

एक सकाळ जवळून पाहू

कल्पना करा की एका शुश्रूषागृहात ८७ वर्षांच्या एक आजी राहतात. हृदय कमकुवत झालेले आहे, स्मरणशक्ती थोडी मंदावली आहे, पण रोज सकाळी साहाय्यिका खोलीत आली की बाहेर थंडी किती आहे हे त्या आवर्जून विचारतात. आज त्यांनी काही विचारले नाही आणि नाश्ताही अर्धाच खाल्ला. साहाय्यिकेला निदान येत नाही, पण नेहमीची आजी आणि आजची आजी यांतला फरक तिच्याइतका कोणालाच कळत नाही. अनेक गृहांत अशा फरकांसाठी ‘थांबा आणि पाहा’ या अर्थाचे एक छोटे कार्ड वापरतात. नेहमीपेक्षा कमी बोलणे, कमी खाणे-पिणे, वजनातला बदल, चिडचिड, थकवा, त्वचेचा बदललेला रंग, चालताना जास्त आधार लागणे अशा साध्या खुणा त्यावर छापलेल्या असतात. साहाय्यिका त्यांपैकी दोन खुणांवर बरोबरची रेघ ओढते आणि कार्ड परिचारिकेकडे देते.

त्या दिवशी नर्स प्रॅक्टिशनर इमारतीतच आहे. ती अर्ध्या तासात खोलीत येते, आजींना बसते करते, पाठीवर स्टेथोस्कोप ठेवून फुप्फुसांच्या तळाशी बारीक चरचर ऐकते, मानेतली फुगलेली शीर पाहते, नडगीवर अंगठा दाबून खळगा किती वेळ राहतो हे बघते. मग वजनाचा तक्ता काढते, तर तीन दिवसांत चार पौंड वाढलेले असतात. शरीरात पाणी साठू लागले आहे हे उघड आहे, पण तिला त्याचे कारण हवे असते. औषधांची यादी चाळताना तिला दिसते की गुडघेदुखीसाठी आठवड्यापूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी इबुप्रोफेन लिहून दिले आहे. हे औषध शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते, त्यामुळे कमकुवत हृदयाला ते मानवत नाही. ती ते औषध बंद करते आणि गुडघ्यासाठी वरून लावायचा लेप व पॅरासिटामॉल देते. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळीची मात्रा तीन दिवसांसाठी वाढवते आणि दुसऱ्या दिवशी पोटॅशियम व क्रिएटिनीनची रक्तचाचणी सांगते. रोज सकाळी वजन करायचे आणि प्राणवायूची पातळी अमुक आकड्याच्या खाली गेली तर कोणाला फोन करायचा, हे ती रात्रपाळीच्या परिचारिकेसाठी लिहून ठेवते. शेवटी आजींच्या मुलीला फोन करून काय झाले आणि काय केले ते सांगते. या सगळ्याला तासभरही लागत नाही.

आता हीच खूण कोणाच्या लक्षात आली नाही, किंवा लक्षात येऊनही पुढे गेली नाही, असे धरू. दोन दिवसांनी शुक्रवारी रात्री आजींना श्वास घेणे कठीण जाते. पाळीवरची परिचारिका डॉक्टरांच्या गटाला फोन लावते. फोनवरच्या डॉक्टरने आजींना कधीही पाहिलेले नसते. वय ८७, हृदयविकार, धाप, एवढेच त्याला कळते, आणि तेवढ्यावर रुग्णवाहिका बोलवा असे सांगण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. त्या डॉक्टरने चूक केली असे म्हणता येणार नाही. चूक झाली असेल तर ती दोन दिवस आधीच होऊन गेलेली असते.

इस्पितळाचे भय कशासाठी?

आजारी माणसाला इस्पितळात नेणे वाईट कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. तरुण माणसाच्या बाबतीत तो योग्यही आहे. पण नव्वदीकडे झुकलेल्या, स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला रात्री रुग्णवाहिकेत घालून तातडीच्या विभागात नेले, की अनोळखी चेहरे, सतत पेटलेले दिवे आणि यंत्रांचे आवाज यांनी त्याचे भान हरपते. वैद्यकात या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. असा रुग्ण सलाइनची नळी उपटतो, म्हणून त्याला झोपेचे औषध दिले जाते, त्यामुळे तो जेवत नाही, ठसका लागून अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. चार-पाच दिवस पडून राहिल्याने पायांची ताकद जाते आणि जो माणूस वॉकर धरून स्वच्छतागृहात जात होता तो परत येतो तेव्हा त्याला डायपर लागलेला असतो. माकडहाडाजवळ शय्याव्रणाची सुरुवात झालेली असते. या वयात गेलेली ताकद पुष्कळदा परत येत नाही. म्हणून टाळता येण्यासारखी भरती टाळली की त्या माणसाची चालण्याची, खाण्याची आणि आपल्या माणसांना ओळखण्याची क्षमता अधिक दिवस टिकते. पैशाची बचत होते हे खरे, पण माझ्या मते ती दुय्यम आहे.

आणि टाळता येण्यासारख्या भरतीची कारणे तीच ती असतात. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, हृदय कमकुवत झाल्याने साठणारे पाणी, दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार बळावणे, त्वचेचा संसर्ग आणि शरीरातील पाणी कमी होणे हे सहा आजार अमेरिकी सरकारने याच कारणासाठी एका प्रकल्पात निवडले होते. वेळीच ओळखले तर या सहाही आजारांवर बहुतेक वेळा जागच्या जागी उपचार करता येतात.

अनुभव काय सांगतो

शुश्रूषागृहांत नर्स प्रॅक्टिशनर नेमण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९८७ साली मिनेसोटा राज्यात दोन नर्स प्रॅक्टिशनरनी सुरू केला. त्याचे नाव एव्हरकेअर. पुढे तो एका मोठ्या विमा कंपनीचा भाग झाला. नर्स प्रॅक्टिशनर ठरलेल्या रहिवाशांची नियमित जबाबदारी घेई, डॉक्टरबरोबर जोडीने काम करी आणि एखादा रहिवासी आजारी पडला तर त्याला गृहातच ठेवून अधिक शुश्रूषा देण्यासाठी गृहाला जादा पैसे दिले जात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की या योजनेतील दर १०० रहिवाशांमागे महिन्याला सुमारे २.४ जणांना इस्पितळात दाखल करावे लागले, तर योजनेबाहेरच्या तुलना-गटात हेच प्रमाण ४.६ होते, म्हणजे जवळपास दुप्पट. इस्पितळाच्या खर्चातील बचत एका नर्स प्रॅक्टिशनरमागे वर्षाला सुमारे १ लाख ३ हजार डॉलर इतकी काढली गेली.

दुसरा अनुभव मिसूरीचा. संघराज्य सरकारने २०१२ साली सात संस्थांना निधी देऊन शुश्रूषागृहांतील टाळता येण्याजोगी भरती कमी करण्याचे प्रकल्प सुरू केले. त्यांपैकी मिसूरी विद्यापीठाच्या परिचर्या महाविद्यालयाने सेंट लुईस परिसरातील १६ शुश्रूषागृहांत प्रत्येकी एक, प्रगत प्रशिक्षण घेतलेली पूर्णवेळ परिचारिका नेमली. नर्स प्रॅक्टिशनरच्या अधिकारांबाबत मिसूरीचे कायदे देशातील कडक कायद्यांपैकी आहेत, तरीही तेथे टाळता येण्याजोगी भरती जवळपास निम्म्याने आणि सर्व कारणांची मिळून भरती सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटली. सातही प्रकल्प शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. जेथे नेमलेल्या परिचारिका रोज इमारतीत राहून रहिवाशांना स्वतः तपासत होत्या, तेथे परिणाम मोठा झाला. जेथे कर्मचाऱ्यांना केवळ प्रशिक्षण दिले गेले, तेथे तो फिका राहिला.

२०१६ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारने वर सांगितलेल्या सहा आजारांवर गृहातच उपचार केल्यास गृहाला आणि डॉक्टरला थेट मोबदला देऊन पाहिले. त्यातून भरतीत अपेक्षित घट झाली नाही. पैशाची वाट मोकळी केली तरी खोलीत जाऊन पाठीला स्टेथोस्कोप लावणारे माणूस त्या वेळी तेथे असावे लागते, असाच याचा अर्थ मी लावतो. या आकड्यांकडे पाहताना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. एव्हरकेअरचा अभ्यास चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीचा नव्हता आणि मिसूरीतील गृहे स्वेच्छेने सहभागी झाली होती. बदलाची इच्छा असलेल्या गृहांत बदल अधिक दिसतो, हे गृहीत धरूनच या निष्कर्षांचे वजन ठरवावे.

न दिसणारी कामे

भरती टळली की ती आकड्यांत दिसते. नर्स प्रॅक्टिशनरचे कदाचित अधिक मोलाचे काम मात्र न दिलेल्या औषधांचे असते. लघवीच्या तपासणीचेच उदाहरण घ्या. शुश्रूषागृहातील वृद्ध स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या स्त्रियांच्या लघवीत कोणताही त्रास नसताना जंतू सापडतात. हा संसर्ग नव्हे आणि त्याला उपचाराची गरज नसते. पण एखादी आजी जरा गोंधळल्यासारखी वागली की लघवी तपासायला पाठवायची, अहवालात जंतू आले की प्रतिजैविक सुरू करायचे, हा परिपाठ अनेक ठिकाणी पडून गेलेला आहे. प्रतिजैविकाने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा हट्टी जुलाब मागे लागतो आणि गोंधळण्याचे खरे कारण, म्हणजे बद्धकोष्ठ, वेदना किंवा नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी, तसेच राहते. फोनवर अहवाल ऐकणाऱ्या डॉक्टरला ‘थांबा, दोन दिवस पाणी वाढवून बघू’ असे म्हणणे अवघड जाते, कारण उद्या रुग्णाला बघायला तो तेथे नसतो. नर्स प्रॅक्टिशनर असते, म्हणून तिला थांबता येते.

औषधांची यादी छाटण्याचे कामही असेच आहे. चार तज्ज्ञांनी चार वेळा लिहिलेली औषधे वर्षानुवर्षे चालू राहतात, कारण ती बंद करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला होता. तरीही २०११ अखेर तेथील शुश्रूषागृहांतील दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी २३.९ टक्के लोकांना ती दिली जात होती. त्यानंतरच्या राष्ट्रीय मोहिमेने नोंदीतले हे प्रमाण बरेच खाली आले. पण प्रत्यक्ष एखाद्या आजोबांची गोळी हळूहळू कमी करायची, ते संध्याकाळीच का ओरडतात याचा माग घ्यायचा, दुखऱ्या दातापर्यंत पोहोचायचे, हे काम सरकारी परिपत्रकाने होत नाही. त्याला सलग काही आठवडे एकाच माणसाची नजर लागते.

आणखी एक काम आहे, ज्याचे मोल कुटुंबांना सर्वांत जास्त कळते. हृदय बंद पडले तर छाती दाबून पुन्हा सुरू करायचे का, गिळता येईनासे झाले तर नळीने अन्न द्यायचे का, शेवटच्या दिवसांत इस्पितळ हवे की इथलीच खोली, हे प्रश्न संकटाच्या रात्री विचारले तर घाबरलेली मुले ‘जे करता येईल ते सगळे करा’ असेच म्हणणार. शांत दुपारी, माणूस बोलू शकत असताना आणि आजार पुढे कोणत्या वळणाने जाईल हे समजावून सांगून विचारले, तर उत्तर विचारपूर्वक येते. मेडिकेअर २०१६ पासून अशा संभाषणाच्या वेळेचा मोबदला डॉक्टरांप्रमाणे नर्स प्रॅक्टिशनरलाही देते. ठरलेल्या इच्छा भडक रंगाच्या एका वैद्यकीय आदेशपत्रावर उतरवल्या जातात आणि अनेक राज्यांत त्यावर नर्स प्रॅक्टिशनरची सही चालते.

पैसा कोणाचा आणि बचत कोणाची

इतके फायदे असताना प्रत्येक गृहात नर्स प्रॅक्टिशनर का नाही, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. मेडिकेअर इस्पितळाचा खर्च देते आणि किमान तीन दिवसांच्या इस्पितळवासानंतर शुश्रूषागृहातील उपचारांचा खर्च कमाल १०० दिवस देते. शुश्रूषागृहात कायम राहण्याचा खर्च ती देत नाही. तो मेडिकेड देते, आणि दहापैकी सुमारे सहा रहिवाशांचा भार तिच्यावरच असतो. मेडिकेडचा दर कमी असतो. आता मेडिकेडवर राहणाऱ्या आजोबांना न्यूमोनिया झाला आणि गृहाने त्यांना जागेवर बरे केले, तर जादा परिचारिका, सलाइन आणि तपासण्या यांचा भार गृहावर पडतो आणि मिळणारा दर तोच राहतो. तेच आजोबा तीन-चार दिवस इस्पितळात राहून परतले, तर काही आठवडे त्यांच्यासाठी मेडिकेअरचा चढा दर मिळू शकतो. कोणाची नियत वाईट नसली तरी व्यवस्थेचा उतार रुग्णवाहिकेच्या दिशेने आहे. नर्स प्रॅक्टिशनर ठेवण्याचा खर्च एकाचा आणि त्यातून होणारी बचत दुसऱ्याची, अशी ही विभागणी आहे.

एव्हरकेअरसारख्या योजनांनी ही गाठ सोडवली ती दरमहा दरडोई ठरावीक रक्कम घेऊन. इस्पितळाचा खर्चही त्याच रकमेतून भागवायचा असल्याने भरती टळली की पैसे योजनेचेच वाचतात. पण येथे धोकाही आहे. ज्या कंपनीचे पैसे भरती टळल्याने वाचतात, तिच्याच पगारावरच्या व्यक्तीने ‘इस्पितळाची गरज नाही’ असे म्हटले, तर तो निर्णय रुग्णाच्या हिताचा की कंपनीच्या, हा संशय कुटुंबाला येऊ शकतो आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही. ज्याला खरोखर इस्पितळ हवे आहे त्याला ते त्याच रात्री मिळालेच पाहिजे. त्यामुळे अशा योजनांचे यश केवळ घटलेल्या भरतीवर मोजणे अपुरे आहे.

कायद्याचीही बंधने आहेत. १९९७ च्या कायद्याने नर्स प्रॅक्टिशनरला मेडिकेअरकडून थेट मोबदला घेण्याची मुभा दिली, पण डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के. मेडिकेअरच्या रुग्णाची दाखल झाल्यानंतरची पहिली सविस्तर तपासणी आजही डॉक्टरनेच करावी लागते. त्यानंतरच्या अनिवार्य भेटी मात्र दोघांत आलटून-पालटून वाटता येतात. निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे काम करू शकते, उरलेल्या राज्यांत एखाद्या डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो. त्या राज्यांतील डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप असा की वैद्यकीय शिक्षणाची वर्षे आणि रुग्ण तपासण्याचे तास यांत दोघांमध्ये मोठी तफावत आहे. ही तफावत खरी आहे आणि गुंतागुंतीच्या निदानात ती जाणवू शकते. पण शुश्रूषागृहापुरते बोलायचे तर तेथे नर्स प्रॅक्टिशनरच्या जागी सहसा अधिक शिकलेला डॉक्टर उपलब्ध नसतो, तेथे दोन महिन्यांची पोकळी असते, आणि चांगली नर्स प्रॅक्टिशनर आपल्या कक्षेबाहेरची गोष्ट दिसली की डॉक्टरला बोलावते.

नर्स प्रॅक्टिशनर आली म्हणून साहाय्यिकांची कमतरता भरून निघत नाही. एका साहाय्यिकेकडे वीस माणसे सोपवली, तर आजींनी आज हवामान विचारले नाही हे तिच्या लक्षात येणार नाही, आणि तिने पाहिले नाही तर वरची सगळी साखळी सुरूच होणार नाही. तसेच एकच नर्स प्रॅक्टिशनर आठवड्यात पाच गृहे फिरत असेल, तर ती भेट देणाऱ्या डॉक्टरसारखीच पाहुणी ठरते. म्हणून ज्या मराठी कुटुंबांना अमेरिकेत आपल्या वडीलधाऱ्यांसाठी गृह निवडावे लागते, त्यांनी नर्स प्रॅक्टिशनर आहे का एवढ्यावर थांबू नये. ती आठवड्यातले किती दिवस याच इमारतीत असते, तिचा पगार कोण देते, शनिवारी-रविवारी आणि रात्री परिचारिका कोणाला फोन करते, सलाइन आणि तातडीची रक्तचाचणी जागेवर होते का, हे विचारावे.

आपल्याकडे ही भूमिका अजून वृद्धसेवेपर्यंत आलेली नाही. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला आहे आणि प्रसूतिसेवेसाठीही तशीच वाट सुरू झाली आहे. वृद्धांसाठी मात्र तसा अभ्यासक्रम नाही आणि औषधे लिहून देण्याचा सर्वसाधारण अधिकार परिचारिकेला नाही. पुण्या-मुंबईकडे अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांसाठी निवासी केंद्रे वाढत आहेत. तेथे रोजचा भार ब्युरोकडून आलेल्या मावशी, मामा आणि थोड्याफार सिस्टर-ब्रदर यांच्यावर असतो आणि डॉक्टर ठरलेल्या दिवशी फेरी मारून जातात. घरीच सांभाळल्या जाणाऱ्या ज्येष्ठांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. या कामाच्या सर्वांत जवळ जाणारा आपल्या देशातला नमुना केरळमध्ये आहे. तेथे २००८ च्या परिहारसेवा (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास हलका करणारी सेवा) धोरणानंतर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने परिचारिका घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेतात. त्या जखमा साफ करतात, नळ्या बदलतात, वेदना किती आहे ते विचारतात, आणि वेदना वाढलेली असेल तर मॉर्फिनची चिठ्ठी लिहून घेण्यासाठी डॉक्टरकडे जातात.